मालाचा माग : भिवंडी आणि नोंदीचे सरकारी तंत्र

‘माग’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि भिवंडीत ते दोन्ही एकाच रस्त्यावर भेटतात. एका मागावर कापड विणले जाते. दुसरा माग निघून गेलेल्या किंवा वाटेत असलेल्या वस्तूचा काढला जातो. पहिल्याच्या खडखडाटावर या शहराची ओळख कित्येक पिढ्या टिकून आहे. दुसऱ्याची गरज गेल्या दोन-तीन दशकांत वाढली, कारण शहराला लागून असलेल्या माणकोली, दापोडे, गुंदवली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, सोनाळे, वडपे अशा गावांतल्या भातखाचरांवर पत्र्याची गोदामे उभी राहिली. मुंबई महानगराला लागणारा साबण, औषधे, मोबाइल, टायर, चपला, बिस्किटे यांतला मोठा हिस्सा आज या गावांतल्या कुठल्या ना कुठल्या गाळ्यातून निघतो. तो न्हावा-शेवा बंदरातून येतो किंवा देशातल्या कारखान्यातून येतो, इथे काही तास किंवा काही महिने थांबतो आणि पुढे जातो. या थांब्यावर त्याची कोणती नोंद होते, कोणाच्या सांगण्यावरून होते आणि कोणती होतच नाही, हे पाहिले की माल हुडकण्याच्या तंत्राला सरकारचे पाठबळ म्हणजे नेमके काय, ते बरेचसे उलगडते.

या तंत्राचा गाभा तीन गोष्टींचा आहे. वस्तूला ओळख हवी, म्हणजे क्रमांक. तो क्रमांक वाटेत कोणीतरी वाचायला हवा. आणि वाचलेले अशा वहीत उतरायला हवे, जी एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनाही सारखीच मान्य असेल. क्रमांक छापणे स्वस्त आहे, वाचणारे यंत्रही आता फारसे महाग राहिलेले नाही. घोडे अडते ते वहीपाशी. कारखानदाराची वही वाहतूकदार मानत नाही, वाहतूकदाराची गोदामवाला मानत नाही, आणि परदेशातला खरेदीदार तिघांच्याही वह्या बाजूला सारून चौथीच मागतो. म्हणून या विषयाच्या इतिहासात सरकार वारंवार डोकावते. सरकारी पाठबळ म्हटले की अनुदान डोळ्यांपुढे येते, पण इथे अनुदानाचा वाटा सर्वांत लहान आहे. सक्ती, समाईक नोंदवही, मोकळी केलेली रेडिओ लहर, प्रयोगशाळेचा दाखला, अशा रूपांत हे पाठबळ येते. त्यातही सक्तीचा वाटा मोठा, आणि सक्ती जिकडे महसूल किंवा निर्यात असते तिकडेच वळते. भिवंडीतल्या नोंदींचा नकाशा याच कलाने रेखला गेला आहे.

जगातही हेच झाले. ज्या उपग्रहांवरून आज ट्रकचे ठिकाण कळते ती जीपीएस यंत्रणा अमेरिकी संरक्षण खात्याने स्वतःच्या कामासाठी उभारली. नागरी वापरासाठी मुद्दाम ठेवलेला अंधुकपणा मे २००० मध्ये काढून टाकला गेला, आणि व्यापारी वाहनांचा माग घेण्याचा धंदा तिथून फोफावला. वस्तूवर चिकटवायच्या रेडिओ टॅगचेही तसेच. २००३ मध्ये वॉलमार्ट या किरकोळ विक्रीच्या साखळीने आणि अमेरिकी संरक्षण खात्याने, दोघांनीही पुरवठादारांना हे टॅग वापरायला सांगितले. मुदत होती जानेवारी २००५. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकांनी अट घातल्यावर टॅग बनवणाऱ्यांना बाजार मिळाला. भारताने २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ ही पट्टी कमी शक्तीच्या रेडिओ टॅगसाठी परवानामुक्त केली. या निर्णयाला मथळे मिळाले नाहीत, पण पुढे ट्रकच्या काचेवर जो फास्टॅग आला तो याच लहरींवर बोलतो. बारकोडच्या बाबतीत वाणिज्य मंत्रालयाच्या पुढाकाराने १९९६ मध्ये जीएस१ इंडिया ही संस्था स्थापन झाली. भारतात नोंदलेल्या कंपन्यांच्या बारकोडची सुरुवात ८९० ने होते ती या व्यवस्थेमुळे.

या मातीत मालाची नोंद नवी नाही. मराठेशाहीत जकातीच्या चौक्यांवर दस्तक दाखवल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. कल्याण-भिवंडीच्या खाडीतून कोकणचा आणि घाटावरचा माल ये-जा करी, आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी ही दोन ठाणी घेतली त्यात खाडीच्या व्यापाराचे महत्त्व उघड होते. विसाव्या शतकात दस्तकाची जागा वाहतूकदाराच्या बिल्टीने घेतली आणि चौकीची जागा महापालिकेच्या जकात नाक्याने. भिवंडीचे आजचे रूप घडवण्यात या नाक्याचा हात मोठा आहे. मुंबई महापालिका शहरात येणाऱ्या मालावर जकात घेई. मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर अशा प्रवेशद्वारांवर ट्रकच्या रांगा लागत. माल लागेल तसा, लागेल तेवढाच शहरात न्यावा आणि जकातही तेवढ्यापुरतीच भरावी, या हिशेबाने व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर साठा ठेवायला सुरुवात केली. भिवंडी त्या हद्दीच्या बाहेर, तरी हाकेच्या अंतरावर. मुंबई-आग्रा रस्ता दारात, ठाणे खाडीपलीकडे, न्हावा-शेवा बंदर दक्षिणेला, आणि जमीन ग्रामपंचायतीची, म्हणून स्वस्त. गोदामे वाढली ती अशी, कराच्या सावलीत.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. ज्या कारणासाठी गोदामे आली ते कारणच गेल्यावर ती ओस पडतील असे वाटणे साहजिक होते. घडले उलटेच. पूर्वी प्रत्येक राज्यात कर वाचवण्यासाठी लहान-लहान डेपो ठेवावे लागत; ते एकत्र करून एकच मोठे गोदाम चालवणे आता परवडू लागले. घरपोच खरेदीच्या कंपन्यांनाही महानगराच्या कडेची सलग जागा हवी होती. जकात नाका गेला, मात्र नाक्यावरचा माणूस जे काम करत होता ते संपले नाही. ते काम कागदाने हाती घेतले, आणि त्या कागदाचे नाव ई-वे बिल.

पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर निघण्यापूर्वी संगणकावर हे बिल काढावे लागते. व्यवस्था १ फेब्रुवारी २०१८ ला सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि मुहूर्त पुढे ढकलावा लागला. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी आणि महाराष्ट्राच्या अंतर्गत वाहतुकीसाठी २५ मेपासून ते लागू झाले. राज्याच्या आत महाराष्ट्राने मर्यादा एक लाख रुपयांवर नेली. बिलाचे दोन भाग असतात. ‘अ’ भागात पाठवणारा, घेणारा, मालाचा वर्गीकरण क्रमांक आणि किंमत. ‘ब’ भागात गाडीचा क्रमांक. तयार झाले की बारा आकडी क्रमांक मिळतो आणि त्याला मुदत असते. आधी दर शंभर किलोमीटरला एक दिवस होता. १ जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस झाला. भिवंडीहून आठशे किलोमीटरवर जाणाऱ्या मालाला चार दिवस मिळतात. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर ‘ब’ भाग बदलावा लागतो.

संध्याकाळी सातच्या सुमारास एखाद्या गाळ्याच्या धक्क्यावर उभे राहिले तर हा कायदा प्रत्यक्षात कसा दिसतो ते कळते. गाडी मागे घेताना क्लिनर पत्र्यावर हाताने थापा मारत असतो. माथाडी खोकी चढवत असतात, आणि गोदामातला एक तरुण दाराशी उभा राहून हातातल्या यंत्राने एकेका खोक्यावरचा बारकोड टिपतो. आत संगणकावर बसलेला कारकून गाडीचा नंबर विचारतो. चालक सांगतो तो नंबर एकदा, आणि पाटीवरून पुन्हा एकदा, असा ताडून घेतला जातो, कारण एक आकडा चुकला तर वाटेत तपासणी पथक गाडी अडवते आणि वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १२९ खाली दंडाचा विषय निघतो. बिलाची छापील प्रत, इनव्हॉइस आणि बिल्टी एकत्र टाचून चालकाच्या हातात पडतात. बिल्टीवर अजूनही कार्बनचा निळा ठसा दिसतो. तीन पिढ्यांच्या नोंदी अशा एका पिनेत अडकलेल्या असतात.

कागद काढला म्हणजे माल खरोखर त्या रस्त्याने गेला असे होत नाही. एकाच बिलावर दोन-तीन खेपा मारण्याचा प्रकार सर्रास चाले. फास्टॅगमुळे त्याला आळा बसला. हा टॅग बॅटरीशिवाय चालतो. टोलनाक्यावरचा वाचक रेडिओ लहर सोडतो, तिच्याच ऊर्जेवर टॅगमधला कण क्षणभर जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या सर्व नाक्यांवर तो सक्तीचा झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ई-वे बिलाची यंत्रणा फास्टॅगशी जोडली गेली होती. २०२१ मधील सरकारी निवेदनानुसार आठशेहून अधिक नाक्यांवरून रोज सरासरी २५ लाख मालवाहू फेऱ्यांची माहिती ई-वे बिल यंत्रणेकडे जात होती. नाशिककडून येणारा ट्रक पडघ्याजवळ अर्जुनलीच्या नाक्यावरून गेला की त्याची वेळ नोंदली जाते, आणि त्या गाडीच्या नावावर बिल नसेल तर कर अधिकाऱ्याच्या पडद्यावर ती उमटू शकते. टोल वसूल करण्यासाठी आलेली वस्तू मालाची साक्षीदार झाली. एका कामासाठी बांधलेली यंत्रणा दुसऱ्या कामाला लावणे हा भारतातल्या सरकारी नोंदींचा स्वभावच म्हणावा लागेल. तो काटकसरीचा आहे, आणि थोडा धोक्याचाही.

बंदराच्या बाजूने येणाऱ्या मालाची कथा वेगळी आहे. कंटेनरला जन्मतःच क्रमांक असतो: चार अक्षरे आणि सात आकडे. पहिली तीन अक्षरे मालकाची, चौथे बहुधा ‘यू’, मग सहा आकडी अनुक्रमांक, आणि शेवटी चौकटीत एक आकडा. हा चौकटीतला आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने निघतो, त्यामुळे लिहिताना एखादे अक्षर चुकले तर तो सहसा जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. समुद्रावर हा क्रमांक जगभर चालतो, पण बंदराच्या फाटकाबाहेर पडल्यावर तो वाचणारे भारतात कोणी नव्हते. कंटेनर कुठे अडकला आहे हे विचारायला आयातदार दहा ठिकाणी फोन करत असे. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या प्रकल्पातून यावर उपाय निघाला. केंद्र सरकारचा न्यास आणि जपानची एनईसी कंपनी यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत कंपनी काढली आणि १ जुलै २०१६ पासून न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनरवर रेडिओ टॅग लावायला सुरुवात झाली. लॉजिस्टिक्स डेटा बँक हे या व्यवस्थेचे नाव. बंदराचे फाटक, कंटेनर साठवण्याची केंद्रे, रिकाम्या कंटेनरची आवारे आणि टोलनाके इथे वाचक बसवले गेले. संकेतस्थळावर क्रमांक टाकला की कंटेनर शेवटचा कुठे दिसला ते कळते. खर्च प्रत्येक कंटेनरमागे शुल्क लावून भागवला जातो, म्हणजे सरकारने तिजोरीतून दिले थोडे आणि भरायला लावले सगळ्यांना. अनुदान मागणाऱ्यांना ही रीत आवडत नाही, पण प्रकल्प टिकला तो तिच्यामुळेच. पुढे ही व्यवस्था गुजरातच्या, मग दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या बंदरांपर्यंत गेली. निर्यातीच्या बाजूने सीमाशुल्क खात्याने २०१७ मध्ये कारखान्यातच भरून बंद होणाऱ्या कंटेनरसाठी इलेक्ट्रॉनिक सील आणले. बोल्टच्या आकाराचे हे सील तोडल्याशिवाय दार उघडत नाही, आणि बंदरात ते वाचून शाबूत असल्याची खात्री करता येते.

आता भिवंडीतला प्रश्न. बंदरातून निघालेला कंटेनर गाळ्याला लागतो, दार उघडते, माल खाली होतो आणि रिकामा कंटेनर परत जातो. डेटा बँक त्या रिकाम्या पेटीचा माग इमानाने ठेवत राहते. मालाचा तिथेच संपतो. पुढे तो गोदामाच्या स्वतःच्या संगणकात शिरतो, नवे खोके, नवा बारकोड, नवे बिल घेऊन बाहेर पडतो. ई-वे बिल गाडी ओळखते, डेटा बँक पेटी ओळखते, बारकोड खोके ओळखतो. या तिन्हींना जोडणारी ओळ फक्त गोदामातल्या माणसाला ठाऊक असते, आणि मोठ्या कंपनीचे गोदाम नसेल तर तीही एका वहीत. पुरवठ्याची साखळी म्हणतात तिच्या कड्या पक्क्या आहेत. कडी कडीत अडकवण्याची जागा गाळ्याचे दार आहे, आणि तिथे सरकारचे कोणतेही यंत्र नाही.

माल मुळापासून टोकापर्यंत ओळखता येतो अशी उदाहरणे नाहीत असे नाही. सर्वांत जुने आणि सर्वांत चांगले उदाहरण दर हिवाळ्यात भिवंडीवरूनच जाते. नाशिकची द्राक्षे थंड कंटेनरमधून मुंबई-नाशिक महामार्गाने बंदराकडे निघतात तेव्हा त्यांच्या प्रत्येक पेटीमागे एक प्लॉट नोंदलेला असतो. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि माल अडला. त्या धक्क्यातून अपेडा या केंद्रीय संस्थेने २००६ च्या सुमारास ग्रेपनेट उभारले. शेतकरी दर हंगामात निर्यातीचा प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवतो. नमुना शेतकऱ्याने पाठवायचा नसतो. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन घेतो. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा कोणते अंश तपासायचे ते ठरवते. अहवाल संगणकावर चढतो, तो उत्तीर्ण असेल तरच पॅकहाउसला त्या प्लॉटचा माल भरता येतो, आणि शेवटी वनस्पती आरोग्याचा दाखला त्याच ओळीवर मिळतो. हॉलंडच्या दुकानातल्या पेटीवरून निफाड किंवा दिंडोरीच्या बागेपर्यंत मागे येता येते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे पुन्हा माल अडला, तेव्हा या व्यवस्थेतले भोक दिसले: ज्याची तपासणी यादीत नाही ते रसायन कोणतीही वही पकडू शकत नाही. यादी सुधारली गेली. पुढे डाळिंब, आंबा, भाजीपाला यांच्यासाठी याच धर्तीवर नोंदी सुरू झाल्या. ग्रेपनेट यशस्वी झाले याचे श्रेय संगणकाला फारसे देता येत नाही. बागेत जाणारा कृषी सहायक, नमुना घेणारा मुलगा आणि प्रयोगशाळेतले महागडे यंत्र, हा खर्च सरकार आणि निर्यातदार यांनी उचलला. संगणक त्यांच्या कामाची बेरीज करतो एवढेच.

कापडाचे तसे नाही, आणि भिवंडीच्या दृष्टीने खरी गोम इथे आहे. अमेरिकेत २१ जून २०२२ पासून एक कायदा अमलात आहे: चीनच्या शिनजियांग प्रांताशी संबंध असलेला माल वेठबिगारीचा आहे असेच गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आयात करणाऱ्यावर पडते. कापूस हा त्या प्रांताचा मोठा माल, त्यामुळे जगातला कोणताही सुती कपडा विकताना कापूस कुठला हा प्रश्न येतो. युरोपीय संघाचा नवा नियम १८ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याखाली टप्प्याटप्प्याने वस्तूंना डिजिटल पासपोर्ट द्यायचा आहे आणि आधी हाती घ्यायच्या वस्तूंत कापडाचा समावेश आहे. भारत सरकारने उत्तर शोधले ते कापसाच्या टोकाकडून. ७ ऑक्टोबर २०२० ला ‘कस्तुरी’ हे भारतीय कापसाचे नाव जाहीर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय कापूस महामंडळ आणि सुती वस्त्र निर्यात प्रोत्साहन परिषद यांच्यात त्याच्या दर्जाच्या व मागाच्या व्यवस्थेचा करार झाला. ३० कोटींच्या खर्चात १५ कोटींचा वाटा उद्योगाचा. महामंडळ आपल्या १७० किलोच्या प्रत्येक गाठीवर क्यूआर कोड लावते. तो उघडला की कापूस कुठे खरेदी झाला, कोणत्या जिनिंगमध्ये सरकी निघाली आणि केव्हा, हे ब्लॉकचेनवरच्या नोंदीतून दिसते. यवतमाळच्या गाठीची जन्मकुंडली अशी तयार आहे.

गाठ सूतगिरणीत फुटते आणि कुंडली तिथपासून विरळ होत जाते. भिवंडीत सूत येते ते कोनांच्या पोत्यांतून. सायझिंगमध्ये ताण्याला खळ लागते, बीम भरला जातो, त्यावर खडूने सेट नंबर लिहिला जातो. बीम टेम्पोतून मागांच्या शेडमध्ये जातो. शेडचा मालक बहुधा सुताचा मालक नसतो. व्यापाऱ्याचे सूत घेऊन तो मजुरीवर विणतो. तागा उतरला की टोकाला मीटर आणि माग क्रमांक लिहिला जातो, घडी होते, आणि ग्रे कापड पुन्हा टेम्पोतून व्यापाऱ्याच्या गाळ्यात किंवा प्रोसेस हाउसमध्ये. तिथे तागे एकमेकांना शिवून सलग लांबीत धुलाई-रंगाईला जातात, आणि तयार कापड नव्या लांबीत कापून नव्या क्रमांकाने बाहेर पडते. म्हणजे नोंद नाही असे नाही. प्रत्येक हाताची आहे, खडूची, चिठ्ठीची, चोपडीची. ती पुढच्या हाताला मिळत नाही.

यात सरकारच्या एका निर्णयाचाही भाग आहे. ई-वे बिल आले तेव्हा यंत्रमागवाल्यांनी ओरड केली, आणि ती रास्त होती. एकाच मालाला सायझिंग, माग, घडी, प्रोसेस अशा चार-पाच फेऱ्या शहरातल्या शहरात कराव्या लागतात. प्रत्येक फेरीला बिल काढायचे तर शेडचा मालक दिवसभर संगणकापुढेच बसेल. महाराष्ट्राने जून २०१८ मध्ये सूत, लडी, कापड आणि तयार कपडे मजुरीच्या कामासाठी राज्यात पन्नास किलोमीटरपर्यंत नेताना, किंमत कितीही असो, बिलाची अट काढून टाकली. लहान माणसाचा त्रास वाचला. पण मजुरीवरच्या या फेऱ्यांत कर बुडण्याची भीती कमी, म्हणून नोंदही सोडली गेली. आणि युरोपचा खरेदीदार नेमके त्याच पन्नास किलोमीटरांत काय झाले ते विचारणार आहे. मागांच्या आधुनिकीकरणाला केंद्राच्या योजनांतून मदत मिळत आली. सेट नंबर आणि तागा क्रमांक एका सोप्या नोंदीत आणण्याला तसे पाठबळ मिळाले असते तर खर्च नव्या मागापेक्षा कितीतरी कमी आला असता.

औषधांच्या बाबतीत चित्र मध्यम आहे. अनेक कंपन्यांचे वितरण डेपो भिवंडीत आहेत. निर्यातीच्या औषधांवर बारकोडची अट २०११ पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून देशात सर्वाधिक खपणाऱ्या ३०० ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यातून उत्पादक, बॅच, मुदत आणि परवाना क्रमांक समजतो. पाकीट कोणत्या डेपोतून कोणत्या दुकानात गेले ते मात्र अजून बॅच लिहिलेल्या इनव्हॉइसवरूनच शोधावे लागते.

या तुटक वह्या जोडण्याचा प्रयत्न अलीकडचा आहे. १३ ऑक्टोबर २०२१ ला पीएम गतिशक्ती आराखडा आणि १७ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. धोरणाबरोबर युलिप नावाचा समाईक मंच आला. वाहन नोंदणी, चालक परवाना, फास्टॅग, रेल्वेची मालवाहतूक, बंदरे, सीमाशुल्क यांच्या नोंदी तो एका दारातून उघडतो, आणि खासगी कंपन्या त्यावर आपली ॲप बांधतात. गाडी पाठवण्यापूर्वी वाहतूकदार तिचा फिटनेस आणि चालकाचा परवाना क्षणात तपासतो. पूर्वी झेरॉक्सवर विश्वास ठेवावा लागे. या खटाटोपाचे समर्थन मालवाहतुकीच्या खर्चावरून केले जाते. हा खर्च देशाच्या सकल उत्पन्नाच्या १३-१४ टक्के असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाई. एनसीएईआर संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये तो २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के काढला. आकडा एवढा बदलला तो वाहतूक रातोरात स्वस्त झाली म्हणून नव्हे. आधी नीट मोजलेच गेले नव्हते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याचे लॉजिस्टिक्स धोरण मंजूर केले. त्यात ठाणे-भिवंडी हे प्रत्येकी ५०० एकरांच्या पाच राज्य केंद्रांपैकी एक आहे, आणि ब्लॉकचेन, रोबो, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा साधनांना उत्तेजन देण्याची भाषा आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. आमणे भिवंडी तालुक्यातच आहे.

उत्तेजन ज्या गाळ्यांना मिळायचे त्यांतल्या बऱ्याच गाळ्यांची अडचण याहून साधी आहे. शहराभोवतालच्या सुमारे ६० गावांचे नियोजन २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे. त्याआधी आणि त्यानंतरही परवानगीशिवाय इतकी गोदामे झाली की प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या बांधकामाची सरकारदरबारी नीट नोंद नाही त्याला सरकारी योजनेचा लाभ कसा द्यायचा, याचे उत्तर धोरणात सापडत नाही. व्यापारी त्या गाळ्याला जीएसटीत व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून दाखवतो, त्यामुळे करखात्याच्या लेखी तो असतो. नियोजनाच्या नकाशावर नसतो. पत्ताही तसाच: अमुक कंपाउंड, इमारत ‘सी’, गाळा आठ-नऊ, तमुक पंपाच्या मागे. ई-वे बिलाला तेवढ्या पत्त्यात पिन कोड पुरतो. अर्जुनलीच्या नाक्यावर सेकंदभरात टॅग वाचला जातो, पण तिथून पुढे रात्री दोन वाजता, नकाशा दाखवणारा फोन हातात असूनही, परप्रांतातला चालक माणकोलीच्या चहाच्या टपरीपाशी गाडी उभी करतो, काच खाली घेतो आणि बिल्टी पुढे करून विचारतो, “भैया, ये कंपाउंड किधर पडेगा?”